गणिताची कोणती पायरी?

अमेरिकेतलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं आणि या चारही वर्षांतली प्रत्येक श्रेणी एकाच कागदावर नोंदली जाते. त्या कागदाला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की नववीचे गुण कुणी विचारत नाही. तिथे नववीच्या पहिल्या सत्रात मिळालेला ‘बी’ बारावीतल्या मुलाच्या कॉलेजच्या अर्जासोबत जातो. कला, वाणिज्य, विज्ञान अशा शाखाही तिथे नाहीत. प्रत्येक विद्यार्थी दरवर्षी सहा-सात विषय निवडतो, आणि एकच विषय एकाच शाळेत साधा, ऑनर्स आणि एपी अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर शिकवला जातो. नवव्या वर्गापासून तिथे शिकलेल्या मुलांना ही रचना हळूहळू अंगवळणी पडते. आई-वडिलांच्या बदलीमुळे पुण्याहून किंवा नागपूरहून थेट दहावी-अकरावीच्या वयात तिथे पोचलेल्या मुलीला मात्र हे सगळं पहिल्याच आठवड्यात ठरवावं लागतं, तेही घरातल्या कुणालाच या व्यवस्थेचा अनुभव नसताना.

मदतीला शाळेचा काउन्सेलर असतो. अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशनची शिफारस अशी, की एका काउन्सेलरकडे २५० विद्यार्थी असावेत. देशाची प्रत्यक्ष सरासरी साडेतीनशेच्या पुढे आहे. हा माणूस सहसा मनापासून मदत करतो, पण महाराष्ट्र बोर्डाच्या नववीत काय शिकवतात हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही. समोर बुजरी, अडखळत बोलणारी मुलगी आणि हातात अनोळखी गुणपत्रिका असली की तो सावध निर्णय घेतो आणि तिला खालच्या वर्गात बसवतो. म्हणूनच या प्रकरणात मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे: मुलांना इंग्रजी किती बोलता येतं, यावरून त्यांच्या गणिताची पायरी ठरू देऊ नका.

आधी ‘एपी’ म्हणजे काय ते पाहू. अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट हा कॉलेज बोर्ड या संस्थेचा कार्यक्रम आहे आणि तो १९५० च्या दशकाच्या मध्यापासून चालू आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम हायस्कुलातच शिकवायचा, मे महिन्यात देशभर एकच परीक्षा घ्यायची आणि १ ते ५ असे गुण द्यायचे, अशी त्याची रचना आहे. ३ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर अनेक विद्यापीठं त्या विषयाचं क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय कॉलेजात पूर्ण झाल्याचं धरतात. इलिनॉय राज्यात तर सरकारी विद्यापीठांनी ३ गुणांना क्रेडिट द्यायलाच हवं असा कायदा आहे. नामवंत खासगी विद्यापीठं मात्र बऱ्याचदा ५ मागतात, काही ठिकाणी क्रेडिट न देता फक्त वरच्या वर्गात बसू देतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. वर्षभराच्या वर्गाची श्रेणी वेगळी आणि मेमधल्या परीक्षेचे गुण वेगळे. ट्रान्स्क्रिप्टवर वर्गाची श्रेणी येते, क्रेडिट परीक्षेवर मिळतं. परीक्षेची नावनोंदणी नोव्हेंबरातच बंद होते. एका परीक्षेची फी सुमारे शंभर डॉलर आहे आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यात सवलत मिळते. नव्याने आलेल्या घरांत ही नोव्हेंबरची तारीख फार सहज निसटते.

काही शाळांत एपीऐवजी आयबी असतं. १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या या कार्यक्रमात सहा विषय, चार हजार शब्दांचा निबंध आणि ज्ञानमीमांसेचा एक वेगळा अभ्यास अशी दोन वर्षांची बांधलेली योजना असते. अकरावीच्या आरंभी पोचलात तरच ती पूर्ण घेता येते. तिसरा मार्ग ड्युअल एन्रोलमेंटचा. हायस्कुलात असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात विषय घ्यायचे. वॉशिंग्टन राज्यात याला ‘रनिंग स्टार्ट’ म्हणतात. पण बहुतेक मराठी घरांत ज्यावरून झोप उडते ते एपीच, म्हणून इथून पुढे त्याबद्दलच बोलू.

आता गणित. अमेरिकेत गणिताची वाट ठरलेली आहे: अल्जिब्रा १, जिऑमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि मग एपी कॅल्क्युलस. प्रत्येकाला एक वर्ष लागतं. नववीत अल्जिब्रा १ घेणारं मूल बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोचतं. नववीत जिऑमेट्रीला बसलेलं मूल बारावीत कॅल्क्युलस करतं. म्हणजे इंजिनिअरिंगकडे जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या अर्जावर कॅल्क्युलस असेल की नाही, याचा निकाल तीन वर्षं आधीच लागलेला असतो.

महाराष्ट्र बोर्डात याच्या नेमकं उलट घडतं. नववी-दहावीत गणित भाग १ आणि भाग २, म्हणजे बीजगणित आणि भूमिती, एकाच वर्षात शेजारी शेजारी शिकवतात. दहावी झालेल्या मुलीने वर्गसमीकरणं सोडवलेली असतात, दोन चलांतली रेषीय समीकरणं केलेली असतात, अंकगणिती श्रेढी पाहिलेली असते. भूमितीत समरूपता, वर्तुळाचे गुणधर्म, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमितीची सुरुवात झालेली असते. अमेरिकन मापाने ती अल्जिब्रा १ आणि जिऑमेट्री या दोन्ही पायऱ्या बहुतांशी ओलांडून आलेली असते. तिला राहिलेलं असतं ते अल्जिब्रा २ मधलं: फलनं आणि त्यांचे आलेख, लॉगॅरिदम, संमिश्र संख्या. तिची योग्य जागा अल्जिब्रा २ च्या वर्गात, शक्यतो ऑनर्समध्ये. पण गुणपत्रिकेवर नुसतं ‘मॅथेमॅटिक्स’ लिहिलेलं असतं. त्यात भूमिती दिसत नाही, म्हणून शाळा तिला जिऑमेट्रीला बसवू पाहते. एक वर्ष तिथेच जातं.

यावर उपाय कागदाचा आहे. गुणपत्रिकेसोबत बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांची अनुक्रमणिका घेऊन जा. ही पुस्तकं संकेतस्थळावर मिळतात, इंग्रजी माध्यमाचीही. नववी आणि दहावीच्या दोन्ही भागांची अनुक्रमणिकेची पानं छापून काउन्सेलरपुढे आणि शक्य झालं तर गणित विभागाच्या प्रमुखांपुढे ठेवा. मग प्लेसमेंट टेस्ट मागा. बऱ्याच शाळांत ती असते, पण आपण विचारल्याशिवाय सांगितली जात नाही. कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये केवळ याच प्रश्नासाठी कायदा झाला. नववीत येणाऱ्या मुलांना गणिताच्या कोणत्या वर्गात घालायचं हे ठरवण्याची पद्धत निःपक्षपाती आणि लिखित असावी, आणि वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात ती जागा पुन्हा तपासली जावी, असं तो सांगतो. त्या राज्यात नववीला पोचलेल्या मुलांच्या पालकांनी या फेरतपासणीची तारीख शाळेकडून लिहूनच घ्यावी.

अकरावी विज्ञान महाराष्ट्रात करून गेलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांनी सीमा, सातत्य आणि विकलनाची ओळख करून घेतलेली असते. ते बारावीत सरळ एपी कॅल्क्युलस घेऊ शकतात. एबी आणि बीसी असे त्याचे दोन प्रकार आहेत. बीसीमध्ये एबीचं सगळं असतं आणि वर अनंत श्रेणी, प्राचलिक समीकरणं वगैरे. मात्र एक अडचण सर्वांनाच येते. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि एपी कॅल्क्युलसचा काही भाग आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवरच बेतलेला असतो. २०२५ पासून बहुतेक एपी परीक्षा ब्लूबुक नावाच्या अ‍ॅपवर घेतात आणि त्यातच डेस्मॉसचा कॅल्क्युलेटर असतो. तो इंटरनेटवर फुकट आहे. सुट्टीतच त्याच्यावर हात बसवावा.

पायऱ्यांचं हे महत्त्व सर्वांत नीट ओळखलं ते स्वतः स्थलांतरित असलेल्या एका शिक्षकाने. हायमे एस्कलांते बोलिव्हियात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होते. १९६० च्या दशकात ते अमेरिकेत आले तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं. शिक्षक म्हणून पुन्हा पात्र व्हायला त्यांना नव्याने शिकावं लागलं, आणि त्या काळात त्यांनी उपाहारगृहात फरशाही पुसल्या. १९७० च्या दशकात ते ईस्ट लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कुलात रुजू झाले. शाळेतली बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांतली होती, आणि अशा मुलांना कॅल्क्युलस जमेल असं कुणाला वाटत नव्हतं. १९७९ मध्ये त्यांच्या वर्गातली पाच मुलं एपी परीक्षेला बसली, दोन उत्तीर्ण झाली. १९८२ मध्ये अठरा उत्तीर्ण झाली. त्यांतल्या चौदा जणांच्या उत्तरपत्रिकांतल्या सारखेपणावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेने संशय घेतला. बारा जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराच्या बारा पुन्हा उत्तीर्ण झाले. १९८८ मध्ये यावर ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा चित्रपट निघाला.

चित्रपट पाहताना वाटतं, की जिद्दीच्या बळावर अंकगणितावरून थेट कॅल्क्युलसवर उडी मारता येते. प्रत्यक्षात एस्कलांते यांनी वर्षानुवर्षं खपून खालच्या सगळ्या पायऱ्या पक्क्या केल्या. अल्जिब्रापासूनचे वर्ग सुधारले, सोबतीला चांगले शिक्षक मिळवले, उन्हाळी वर्ग चालवले. १९८२ चं यश त्या रांगेच्या शेवटी आलं. नव्याने आलेल्या मुलांसाठी यातून दोन गोष्टी निघतात. मुलाची भाषा किंवा घरची परिस्थिती पाहून त्याला कमी लेखणाऱ्या शाळेशी वाद घालावा. आणि जी पायरी खरोखर झालेली नाही ती अभिमानापोटी गाळू नये. उन्हाळ्यात एखादा वर्ग पूर्ण करून वर जाता येतं, पण त्याला शाळेची लेखी मान्यता आधी घ्यावी. नाही तर केलेला अभ्यास ट्रान्स्क्रिप्टवर चढत नाही.

गणितानंतर मराठी पालक वळतात ते विज्ञानाकडे, आणि इथे त्यांचा अंदाज वारंवार चुकतो. एपी विषयांची नावं पाहून त्यांचा अवघडपणा कळत नाही. नव्या मुलासाठी प्रत्येक विषयाला दोन वजनं असतात: विषयाचं आणि भाषेचं. एपी फिजिक्स १ मध्ये कलन, म्हणजे कॅल्क्युलस, लागत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. पण त्यात ‘असं का घडतं ते सांगा’, ‘समीकरण न वापरता स्पष्ट करा’ अशा प्रश्नांवर भर असतो. सूत्रात किमती घालून पटापट उत्तर काढण्यात तयार झालेला आपला मुलगा तिथे अडतो. त्याला येत असतं, सांगता येत नाही. कलन येत असेल तर फिजिक्स सी मेकॅनिक्स त्याला कदाचित जवळचं वाटेल. केमिस्ट्रीत गणित बरंच असल्यामुळे भाषेचा भार मध्यम. बायॉलॉजीत वाचन अफाट. स्टॅटिस्टिक्सला पालक ‘सोपं गणित’ समजतात, पण त्यात प्रत्येक उत्तराचा निष्कर्ष नीट वाक्यांत, दिलेल्या संदर्भात लिहावा लागतो. कॉम्प्युटर सायन्स ए जावा या भाषेत असतं. ज्याला प्रोग्रॅमिंगची गोडी आहे त्याच्यासाठी पहिल्या वर्षी याहून चांगला विषय नाही, कारण तिथे सगळी मुलं एक नवी भाषा शिकत असतात.

इतिहासाचं एपी हे या सगळ्यांत जड. अमेरिकेच्या इतिहासाची परीक्षा सव्वातीन तासांची असते. सात मूळ दस्तऐवज देतात: कुणाचं पत्र, कुणाचं भाषण, एखादं व्यंगचित्र. ते वाचून, त्यामागचा लेखकाचा हेतू ओळखून, बाहेरची माहिती जोडून निबंध लिहायचा. आपल्या मुलांना इतिहास पाठ करण्याची सवय असते आणि तिथे पाठांतराने फार पुढे जाता येत नाही. शिवाय वर्गातल्या इतर मुलांनी पाचवी-आठवीपासून स्वातंत्र्ययुद्ध, गुलामगिरी, यादवी युद्ध ऐकलेलं असतं. नव्या मुलीला ती नावंच पहिल्यांदा भेटतात. त्यामानाने जागतिक इतिहास बरा. तो साधारण इसवी सन १२०० पासून सुरू होतो आणि त्यात दिल्लीचे सुलतान, मुघल, हिंदी महासागरातला व्यापार, ब्रिटिश वसाहतवाद हे सगळं येतं. इथे आपल्या मुलांकडे सांगण्यासारखं काही असतं, आणि वर्गात बोलण्याचं धैर्य यायला त्याची फार मदत होते.

म्हणून माझा सल्ला असा: पहिल्या वर्षी एक किंवा दोनच प्रगत विषय घ्यावेत, आणि ते गणित, केमिस्ट्री, कॉम्प्युटर यांपैकी असावेत. इंग्रजी आणि इतिहास साध्या पातळीवर घेऊन तिथे उत्तम श्रेणी मिळवावी. दुसऱ्या वर्षी वाचन-लेखनाचा एक प्रगत विषय जोडावा. ओळखीच्या घरातल्या मुलाने दहा एपी घेतले, हे ऐकून आकडा ठरवू नये. तो मुलगा बहुधा बालवाडीपासून तिथेच शिकला आहे. विद्यापीठं अर्ज वाचताना शाळेची माहितीपुस्तिकाही पाहतात. शाळेत काय उपलब्ध होतं आणि या विद्यार्थिनीने त्यातून काय घेतलं, हे त्यांना कळतं. अकरावीत देशात आलेली मुलगी बारावीत एपी कॅल्क्युलस आणि एक लेखनप्रधान विषय पेलते, ही चढण वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

भाषेची चाचणी हा नाजूक विषय. नाव घालताना शाळा ‘घरी कोणती भाषा बोलता’ असा फॉर्म भरून घेते. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची परीक्षा होते आणि कमी पडलं तर त्याला ‘इंग्लिश लर्नर’ ठरवून जादा शिकवणी देतात. हा शिक्का नको म्हणून काही पालक फॉर्मवर ‘इंग्लिश’ लिहितात. तसं करू नका. ती मदत मुलाचा हक्क आहे, आणि तो हक्क कुणीतरी लढून मिळवला आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांनी न्यायालयात दाद मागितली होती, कारण इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १,८०० मुलांना कसलीही मदत न देता वर्गात नुसतं बसवून ठेवलं जात होतं. १९७४ मध्ये ‘लाव विरुद्ध निकोल्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. इंग्रजीची शिकवणी घेणारा विद्यार्थी त्याच सत्रात एपी कॅल्क्युलसला बसू शकतो. यात काहीही विसंगत नाही. शाळा ‘आधी इंग्रजी, मग ऑनर्स’ म्हणाली तर तसा नियम लेखी दाखवायला सांगा.

सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलांना गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द माहीत असतात, अडतं ते शिक्षकांच्या बोलण्याच्या वेगाशी. संपूर्ण मराठी माध्यमातल्या मुलाने मात्र निघण्यापूर्वीच इंग्रजी माध्यमाचं तेच पुस्तक शेजारी ठेवून एकदा वाचून काढावं. आशय ओळखीचा असल्यामुळे शब्द भराभर बसतात. दोन-तीन आठवड्यांच्या या कष्टाने पहिलं सत्र वाचतं.

इंग्रजीच्या शिकवणीची एक मर्यादाही माहीत हवी. कॅलिफोर्निया विद्यापीठाला प्रवेशासाठी चार वर्षांचं इंग्रजी लागतं आणि त्यात भाषाविकासाचा वर्ग फार तर एका वर्षाचाच धरला जातो. म्हणजे तिथे दोन-तीन वर्षं रेंगाळणं परवडत नाही. मूल तयार झालं की नियमित इंग्रजीत नेण्यासाठी पालकांनीच पाठपुरावा करावा.

गुणांच्या हिशेबाबद्दल थोडक्यात. साध्या वर्गातल्या ‘ए’ला ४ आणि एपीतल्या ‘ए’ला बहुतेक शाळांत ५ धरतात. अशा रीतीने काढलेल्या श्रेणींच्या सरासरीला वेटेड जीपीए म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ हा जादा गुण फक्त आठ सत्रांपुरता धरतं, त्यामुळे तिथे एपीची रास लावून जीपीए वाढत नाही. टेक्सासमध्ये उलट, शाळेतला क्रमांक निर्णायक ठरतो. १९९७ च्या कायद्याने वरच्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात त्याहूनही कमी टक्क्यांना. डॅलसच्या आसपास राहायला जाणाऱ्या कुटुंबांनी भारतातले गुण या क्रमांकात कसे धरले जातात, हे पहिल्याच भेटीत विचारावं. आणि एखादा वर्ग झेपत नाही असं दिसलं तर पहिल्या काही आठवड्यांतच बदल मागावा. मुदत उलटल्यावर सोडलेला विषय ट्रान्स्क्रिप्टवर दिसतो.

क्रेडिटचा पैशाशीही संबंध आहे. एच-४ या आश्रितांच्या व्हिसावरच्या मुलांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही आणि एकविसाव्या वर्षी तो व्हिसा संपतो. अशा घरात दोन-तीन विषयांचं क्रेडिट आधीच हाती असणं म्हणजे कॉलेजचं जवळपास एक सत्र वाचू शकतं. या मुलांनी एपी विषय निवडतानाच, आपल्या राज्यातली सरकारी विद्यापीठं कोणत्या विषयाला किती क्रेडिट देतात ते पाहावं.

आणि मराठी? एपीच्या भाषा-विषयांत स्पॅनिश, फ्रेंच, चिनी, जपानी आहेत, मराठी नाही. पण कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये सुरू केलेली ‘सील ऑफ बायलिटरसी’ ही मान्यता आता देशभर पसरली आहे. दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्याच्या हायस्कूल डिप्लोमावर तिचा शिक्का उमटतो, आणि मान्यताप्राप्त चाचण्यांत मराठीचाही समावेश आहे. जी मुलगी मराठीत निबंध लिहू शकते तिने हा शिक्का जरूर मिळवावा. काउन्सेलरला तिच्या मराठीची कल्पना नसते, तेव्हा विचारायचं आपणच.

पुढच्या वर्षाचे विषय जानेवारी ते मार्च या काळात ठरतात आणि त्यानंतर चांगले वर्ग भरलेले असतात. तुमचं जाणं उन्हाळ्यात ठरलं असेल तर शाळेला वसंतातच ईमेल करा. सोबत गुणपत्रिका, अनुक्रमणिका आणि प्लेसमेंट टेस्टची लेखी विनंती जोडा. मुलांना त्या ईमेलचा मसुदा दाखवा आणि विषयांची यादी त्यांच्याशी बोलूनच पक्की करा, कारण त्या वर्गांत त्यांनाच बसायचं आहे.